भिंतीवरची तीन अक्षरं: प्लेगच्या काळातली घरांची तपासणी

आज आपण मुंबईच्या जुन्या चाळींत शिरणार आहोत, तेही तपासनीसाच्या मागोमाग.

साल १८९६. सप्टेंबरमध्ये मांडवीत डॉ. अकॅसियो व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे गोदीजवळची, धान्याच्या गोदामांची वस्ती. गोदामं आली की उंदीर आलेच. पण उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसाला प्लेग होतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. अधिकाऱ्यांचा संशय घाणीवर, ओलीवर, कोंदट हवेवर. थोडक्यात, आरोपी कोण? तर घर!

मग घरांची झडती सुरू झाली. खोलीत उजेड येतो का? गटार तुंबलंय का? माणसं किती राहतात? भिंतींना चुना फासला, मोऱ्यांत कार्बोलिक ओतलं. ऊन आत यावं म्हणून काही घरांची कौलंसुद्धा काढली. आणि जी खोली अगदीच वाईट, तिच्यावर तीन इंग्रजी अक्षरं रंगवली: यू, एच, एच. अर्थ, माणसाने राहण्यालायक नाही.

आता सांगा, तिथला गिरणी कामगार जाणार कुठे? परवडेल अशी दुसरी खोली कोणी देत नव्हतं. त्यात आजारी माणसाला सक्तीने हॉस्पिटलात न्यायचे. लोक घाबरले, रुग्ण लपवू लागले. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड हॉस्पिटलवर हल्ला केला. १८९७ मध्ये पुण्यात तर गोरे सोल्जर थेट स्वयंपाकघरात, देवघरात शिरले. पुढचं रँड आणि चापेकर प्रकरण तुम्ही शाळेत शिकला आहातच.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमों यांनी कराचीत प्रयोग करून पिसवांकडे बोट दाखवलं, पण ते सर्वमान्य व्हायला बरीच वर्षं गेली. त्याच साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. पण पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या चाळी कमीच. उठवलेले बरेच लोक शेजारच्याच गल्लीत दाटीवाटीने राहू लागले.

मग तपासणी फुकट गेली का? तसं नाही. उजेड, वारा, वाहती गटारं आजही हवीतच. टीबीसाठी तर नक्कीच. चूक पुढच्या पायरीवर झाली. घर नापास केलं, पण माणसाची सोय केली नाही.

आजही पावसाळ्याआधी मुंबईत अतिधोकादायक इमारतींची यादी लागते, आणि लोक तिथेच राहतात. त्यांना हट्टी म्हणण्याआधी एक प्रश्न विचारा: त्यांना पर्यायी घर कुठे दिलंय?