परराज्यातील विधिशिक्षण आणि त्याच्या श्रेयांकांची मान्यता

वकिलीची सनद हाती आली म्हणजे विधीचे अध्ययन संपले, ही समजूत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बहुतेक राज्यांना मान्य नाही. १९७५ साली मिनेसोटा व आयोवा या राज्यांनी सनदधारक वकिलांवर निरंतर विधिशिक्षणाचे बंधन प्रथम घातले आणि पुढे बहुसंख्य राज्यांनी तोच मार्ग स्वीकारला. ठराविक मुदतीत ठराविक श्रेयांक मिळवणे हे तेथील वकिलाचे कर्तव्य ठरले. मात्र एका राज्याची सनद असलेल्या वकिलाने दुसऱ्या राज्यात पाठ्यक्रम पुरा केला, तर त्याचे श्रेय स्वत:च्या राज्यात मागता येते काय, हा प्रश्न यातूनच उद्भवतो.

भारतीय वाचकाला हा प्रश्न काहीसा अपरिचित वाटेल. अधिवक्ता अधिनियम, १९६१ मधील कलम ३० हे २०११ साली अमलात आले, आणि त्यानुसार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या नामावलीत नाव असलेल्या वकिलालाही भारतभर वकिली करण्याचा हक्क आहे. अमेरिकेत सनद देण्याचा व ती राखण्याच्या अटी ठरवण्याचा अधिकार प्रत्येक राज्याचा स्वतंत्र असतो. साहजिकच दोन राज्यांच्या सनदा धारण करणाऱ्या वकिलावर दोन नियमसंहितांचे बंधन येऊ शकते. आणि एकाच अभ्यासाचे श्रेय दोन्हीकडे मिळाले नाही, तर तोच अभ्यास दोनदा करण्याची पाळी येते.

न्यूयॉर्क राज्याची व्यवस्था या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तेथे अनुभवी वकिलाला दर दोन वर्षांत २४ श्रेयांक मिळवावे लागतात. परराज्यातील पाठ्यक्रमांसाठी तेथील निरंतर विधिशिक्षण मंडळ मान्यताप्राप्त अधिकारक्षेत्रांची यादी प्रसिद्ध करते. यादीतील अधिकारक्षेत्राने एखादा पाठ्यक्रम अधिकृत मानला असेल, आणि तो न्यूयॉर्कच्या इतर अटींत बसत असेल, तर वकिलाला वेगळा अर्ज न करता त्याचे श्रेय आपल्या हिशेबात धरता येते. येथे विश्वास टाकला जातो तो प्रत्येक पाठ्यक्रमावर नव्हे, तर त्याची पारख करणाऱ्या संस्थेवर, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

तथापि मान्यता मिळाली म्हणजे दाखल्यावरचा आकडा जसाच्या तसा उतरवता येतो असे नव्हे. न्यूयॉर्कमध्ये ५० मिनिटांच्या शिक्षणाला एक श्रेयांक मिळतो. कॅलिफोर्नियात, जेथे दर तीन वर्षांस २५ तासांचे बंधन आहे, तास ६० मिनिटांचा धरला जातो. कॅलिफोर्नियाच्या मापाने १० तासांचा पाठ्यक्रम म्हणजे ६०० मिनिटे. न्यूयॉर्कच्या मापाने त्याचे १२ श्रेयांक होतात. उलटपक्षी न्यूयॉर्कच्या दाखल्यावरील १२ हा आकडा कॅलिफोर्नियात १० वर येतो. शब्द एक, पण त्याचे वाच्य दोन ठिकाणी भिन्न, असा हा प्रकार आहे. हे भान न ठेवणारा वकील एका राज्यात आपल्या हक्काचे श्रेय गमावील, तर दुसऱ्या राज्यात नसलेले श्रेय सांगून बसेल.

मापाइतकाच वर्गवारीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. न्यूयॉर्कच्या २४ श्रेयांकांपैकी किमान ४ व्यावसायिक नीतीचे असावे लागतात. विविधता व पूर्वग्रहनिर्मूलन या विषयाचा किमान १, आणि २०२३ सालापासून सायबर सुरक्षा व विदासंरक्षण या विषयाचाही किमान १ आवश्यक झाला आहे. एका राज्याचा वर्ग दुसऱ्या राज्याच्या वर्गाशी तंतोतंत जुळेलच असे नाही. म्हणून दाखल्यावरील वर्गनामापेक्षा प्रत्यक्ष विषय व त्याला दिलेला वेळ पाहून श्रेयांकांची विभागणी करावी लागते.

नवोदित वकिलांसाठी नियम अधिक कडक आहेत. पहिल्या दोन वर्षांत त्यांना ३२ श्रेयांक, म्हणजे दरवर्षी १६, मिळवावे लागतात. पाठ्यक्रमाचे स्वरूप व अध्यापनाची पद्धतीही विहित असते. यास्तव अनुभवी वकिलाला चालणारा परराज्यीय पाठ्यक्रम नवोदिताला चालेलच असे गृहीत धरता येत नाही.

अनुपालनाचे प्रमाणन वकील स्वत:च द्वैवार्षिक नोंदणीच्या वेळी करतो, आणि हजेरीचे दाखले किमान चार वर्षे जपून ठेवतो. व्यवस्था विश्वासावर चालते, पण पुराव्याची मागणी सोडत नाही.

एकंदरीत पाहता परराज्यीय श्रेयाचा दावा म्हणजे ज्ञानाचे स्थलांतर नव्हे. ते वकिलाबरोबर आलेलेच असते. दावा असतो तो त्या ज्ञानाच्या नोंदीचे एका नियमभाषेतून दुसऱ्या नियमभाषेत शुद्ध रूपांतर करण्याचा. पारख करणारी संस्था, काळाचे माप आणि विषयाचा वर्ग ही त्याची तीन अंगे होत. पहिल्या अंगाबाबत न्यूयॉर्क दुसऱ्यावर विसंबते, उरलेली दोन आपल्या हाती ठेवते. त्यामुळे वकिलाचे श्रम दुणावत नाहीत आणि राज्याचा अधिकारही अबाधित राहतो.