घारीसारखं उडायचं, नाहीतर पायी चालायचं!

पालकहो आणि शिक्षकमित्रांनो, "घार पंख न हलवता वर कशी जाते?" हा प्रश्न मुलं कधी ना कधी विचारतातच. आकृती काढून उत्तर देता येतं. पण त्याआधी मुलांना 'रेड बुल एक्स-आल्प्स' या स्पर्धेची गोष्ट सांगून बघा.

ऑस्ट्रियाच्या हानेस आर्क यांच्या कल्पनेतून 2003 साली ही स्पर्धा सुरू झाली. ती दर दोन वर्षांनी युरोपातल्या आल्प्स पर्वतात होते. अलीकडचे मार्ग हजार किलोमीटरहून लांब आहेत. नियम साधा : पायी चाला, नाहीतर पॅराग्लायडरने उडा. गाडी, सायकल, रोपवे काही चालत नाही. पॅराग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचा कापडी पंख. चालताना तो पाठीवर वाहायचा.

मग इंजिनाशिवाय वर कसं जातात? उन्हाने डोंगरउतार तापतो, त्याला लागून असलेली हवा तापून हलकी होते आणि वर चढते. या वर जाणाऱ्या हवेला 'थर्मल' म्हणतात. घारीप्रमाणे त्यातच घिरट्या घालत उंची मिळवायची आणि पुढच्या डोंगराकडे तरंगत जायचं. म्हणजे उंची ही गाठीशी बांधलेली पुंजीच!

पहाटे ऊन नसतं, म्हणून थर्मलही नसतात. तेव्हा डोंगर पायीच चढावा लागतो. दुपारी वादळ आलं तर पंख गुंडाळून चालत उतरणं हाच शहाणपणा. स्वित्झर्लंडचे क्रिस्टियान माउरर यांनी 2009 ते 2023 या काळात सलग आठ वेळा ही स्पर्धा जिंकली. अशा यशासाठी नुसते दणकट पाय पुरत नाहीत, आभाळही वाचता यावं लागतं. शिवाय थकलेल्या डोक्याने घेतलेला निर्णय जिवावर बेतू शकतो, म्हणून रात्रीची विश्रांती सक्तीची आहे. परीक्षेच्या दिवसांत मुलांना जागवताना आपणही हे आठवायला हवं.

आता वर्गासाठी गणित. शिखर 2400 मीटरवर, गाव 1200 मीटरवर, आडवं अंतर 12 किलोमीटर. शांत हवेत पंख 1 मीटर खाली येताना 9 मीटर पुढे जातो. थर्मल मिळाला नाही, तर किती चालावं लागेल? (उत्तर : 10.8 किलोमीटर उडून उरलेले 1.2 किलोमीटर.)

शेवटी एवढंच विचारा : समोर काळे ढग दिसत असतील, तर तुम्ही उडाल का? आणि का?