बरड वावरात रंगगोळ्यांचा खेळ : आधी रविवार मोजा



वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आंजी (मोठी) शिवारात फिरताना अलीकडे शिकलेली पोरे आम्हाला एक नवाच प्रश्न विचारतात. "साहेब, दोन एकर बरड पडून आहे. तिथे पेंटबॉलचे मैदान टाकले तर चालेल काय?" प्रश्न उसाचा नसला तरी वावर सभासदाचे आणि कर्जही त्याच्याच नावावर निघणार. म्हणून या अंकात त्याचा हिशेब मांडत आहोत.

या खेळात दोन पक्ष असतात. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीतून रंगाची गोळी सुटते. ती ज्याच्या अंगावर फुटली तो बाद. गोळी साधारण 17 मिलिमीटर जाडीची, बाहेरून जिलेटिनचे कवच आणि आत पाण्याने धुऊन निघणारा रंग. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होते. कोणी विचारले तर खरे ते सांगावे.

ही बंदूक मुळात रानातल्या कामाची. अमेरिकेत जंगलखात्याची माणसे झाडांवर आणि पशुपालक जनावरांवर दुरून खूण करायला ती वापरीत. 27 जून 1981 रोजी न्यू हॅम्पशायर प्रांतातील हेनिकर गावी बारा जणांनी तिचा पहिला खेळ मांडला. रानात लपवलेली निशाणे गोळा करून बाहेर पडायचे, अशी शर्त होती. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा वनकर्मी, आणि त्याने एकही गोळी झाडली नाही! सेवाग्रामच्या जिल्ह्यात बंदुकीचा खेळ कशाला, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट जरूर सांगावी. पुढच्याच वर्षी, 1982 मध्ये, त्या बारांपैकी बॉब गर्न्सी यांनी पैसे घेऊन खेळवण्याचे पहिले मैदान काढले. आज आपल्या राज्यात लोणावळ्यासारख्या ठिकाणी हा खेळ चालतो.

जागा फार लागत नाही. स्पर्धेचे मैदान साधारण 150 फूट लांब व 120 फूट रुंद, म्हणजे अर्ध्या एकराच्याही आत बसते. भोवती उंच जाळी, आडोशाला जुने टायर, पिंपे, मातीची पोती, आणि बाहेर गाड्या उभ्या करायला मोकळी जागा एवढे हवे. पाचटाचे किंवा उसाच्या चिपाडाचे आडोसे मात्र करू नयेत. एका विडीच्या थोटकाने सारे पेटेल.

खरा जीव सुरक्षिततेत आहे. गोळीचा वेग सेकंदाला 280 फुटांच्या आसपास ठेवतात. तो मोजण्याचे यंत्र असते व खेळाआधी प्रत्येक बंदूक त्यावर तपासावी लागते. जाळीच्या आत कोणीही, कितीही घाम आला तरी, तोंडावरचा मुखवटा काढायचा नाही. उघड्या डोळ्यावर गोळी बसली तर डोळा जातो. खेळ थांबला की नळीच्या तोंडावर कापडी पिशवी चढलीच पाहिजे. हे नियम कडकपणे पाळून घेणारा माणूस मैदानावर नसेल तर धंद्यात पडूच नये.

आपल्या उन्हाचाही विचार हवा. बंदुकीला कार्बन डायऑक्साइडची टाकी किंवा दाबलेल्या हवेची टाकी लागते. मळी आंबवताना अल्कोहोलबरोबर जवळजवळ तेवढ्याच वजनाचा निघतो तोच हा वायू. पण 31 अंशांवर तो द्रवरूपात राहत नाही. टाकी तापली की दाब झपाट्याने चढतो आणि गोळीचा वेगही बिघडतो. म्हणून विदर्भात दाब नियंत्रित केलेली हवाच बरी. गोळ्यासुद्धा उष्म्याने मऊ पडतात, दमटपणाने फुगतात. स्वस्त मिळाल्या म्हणून वर्षाच्या भरून ठेवू नयेत.

आता मुख्य हिशेब. वर्षात रविवार 52. पावसाळ्याच्या चार महिन्यांत चिखल, ते 17 गेले. एप्रिल-मे मध्ये ऊन, ते 9 गेले. राहिले 26. त्यातून दिवाळी आणि परीक्षा वगळा, हाती उरले 20. समजा, प्रत्येक रविवारी 20 गिऱ्हाइके आली, तर वर्षाला 400 माणसे झाली. बँकेचा हप्ता, पगार, गोळ्या, विमा, दुरुस्ती असा सारा खर्च या 400 ने भागा. खर्च चार लाख असेल तर माणशी 1000 रुपये पडले, आणि त्यात तुमचा नफा अजून धरलेलाच नाही. वर्धा-सावंगीच्या कॉलेजातले पोरगे एवढे देईल काय, हे त्यालाच जाऊन विचारा. शिवाय हेच रविवार गाळप हंगामातले. तोडणीची पाळी लागली की घरचा माणूस फडावर, मग मैदान कोण सांभाळणार?

म्हणून एकट्या खेळावर भिस्त ठेवू नये. बारामती तालुक्यातील पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनी 2005 च्या सुमारास कृषी पर्यटन सुरू केले. तिथे शहरचा माणूस येतो तो गावचा अख्खा दिवस अनुभवायला. आपल्याकडेही उसाचा रस, हुरडा, झुणका-भाकर, बैलगाडीची फेरी आणि त्यात तासभर हा खेळ, असा बेत बसू शकतो. जिल्ह्यात दारूबंदी आहे. तेव्हा कुटुंबे आणि शाळा-कॉलेजे हेच आपले गिऱ्हाईक धरावे.

कागदपत्रे आधी, खरेदी मागाहून. राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 चे व साहसी पर्यटनाचे धोरण 2021 चे आहे. नोंदणीबाबत पर्यटन संचालनालयाच्या नागपूर कार्यालयात विचारावे. जमिनीच्या वापराबद्दल तहसील कचेरीत आणि बंदुकांच्या परवान्याबद्दल जिल्हा पोलीस कचेरीत लेखी अर्ज देऊन लेखीच उत्तर घ्यावे. तोंडी "काही हरकत नाही" यावर विसंबू नये.

आमचा सल्ला असा : चार-पाच सभासदांच्या पोरांनी मिळून, सामान भाड्याने आणून, येत्या हिवाळ्यात चार रविवार खेळ भरवून पाहावा. किती आले, किती दुसऱ्यांदा आले, किती खर्च झाला हे वहीत लिहावे. दुसऱ्यांदा येणारे वाढले तरच पुढे जावे. आणि काहीही झाले तरी ओलिताचे उसाचे वावर यासाठी गहाण टाकू नये. बरडावरचा धंदा बरडाच्याच जिवावर उभा राहिला पाहिजे.

वही घेऊन शेती खात्यात या. हिशेब तपासायला आम्ही बसू.