आवृत्तिनोंदीतून काय वगळावे?

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या विकासकार्यासाठी ‘गिट’ ही आवृत्तिनोंदीची प्रणाली निर्माण केली. अशा नोंदीत माणसाने लिहिलेला मूळ मजकूरच ठेवावा, असे सामान्यतः सांगतात. कंपायलरने सिद्ध केलेल्या फायली मुळावरून पुन्हा करता येतात. त्या नोंदल्यास निरर्थक बदल साचतात व सहकाऱ्यांच्या कामांत नाहक विरोध उपस्थित होतो. यंत्रागणिक भिन्न असणाऱ्या कॉन्फिगरेशनच्या फायलींत तर कधी परवलीचा शब्दही असतो. म्हणून त्यांचा केवळ नमुना नोंदवावा आणि खऱ्या फायलीचे नाव ‘गिटइग्नोअर’ यादीत घालावे.

तथापि ही यादी आधीच नोंदलेल्या फायलीस लागू पडत नाही. तशी फाइल पुढे काढून टाकली, तरी पूर्वीच्या आवृत्तींत ती वाचता येते. तेव्हा परवलीचा शब्द तत्काळ बदलणे, हाच खरा उपाय होय.

याउलट, वापरलेल्या ग्रंथालयांच्या नेमक्या आवृत्ती सांगणारी ‘लॉक’ फाइल यंत्रनिर्मित असूनही राखावी. तिच्यावाचून संशोधनाचा तोच निष्कर्ष पुन्हा मिळेलच असे नाही. सारांश, फाइल कोणी लिहिली हा प्रश्न गौण आहे. ती अन्य साधनांवरून तंतोतंत पुन्हा मिळेल काय आणि ती सर्वांनी पाहावी काय, हे दोन प्रश्न निर्णायक होत.