लंडन-पॅरिस अंतर कुणी मोजलं?

‘लंडन ते पॅरिस हवाई अंतर साडेतीनशे किलोमीटरही नाही. जेट विमान ताशी आठशेच्या वेगाने जातं. मग तिकिटावर सव्वा तास का लिहितात?’ एका वाचकाचा हा प्रश्न. तिकिटावरची वेळ विमान हीथ्रोच्या गेटवरून हलल्यापासून पॅरिसच्या गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीसाठीची रांग, उड्डाणानंतरचे वळसे, उतरल्यावर जमिनीवरची लांबलचक चाल, सगळं त्यात आलं. शिवाय एवढ्या छोट्या पल्ल्यात विमान पुरतं वर चढतं न चढतं तोच उतरू लागतं. आठशेचा वेग त्याला थोडाच वेळ मिळतो. 25 ऑगस्ट 1919 ला या मार्गावर रोजची विमानसेवा सुरू झाली तेव्हा सुमारे अडीच तास लागत.

ते विमान हाउन्स्लो हीथच्या माळावरून उडालं होतं. आणि लंडन-पॅरिस अंतराची पहिली काटेकोर मोजणी सुरू झाली तीही, त्याआधी 135 वर्षं, याच माळावर!

ग्रीनिच वेधशाळेचे अक्षांश-रेखांश नेमके नाहीत, अशी शंका 1783 मध्ये फ्रेंच खगोलज्ञ कासिनी द थ्युरी यांनी घेतली. ग्रीनिच आणि पॅरिस या दोन्ही वेधशाळा त्रिकोणांच्या साखळीने जोडा, ही त्यांची सूचना. लंडनच्या बाजूचं काम विल्यम रॉय या लष्करी अभियंत्याकडे आलं. त्रिकोणांचे कोन दुर्बिणीने मिळतात, पण निदान एक बाजू जमिनीवर प्रत्यक्ष मोजावीच लागते. रॉय यांनी त्यासाठी वीस-वीस फुटी लाकडी दांडे बनवून घेतले. पण दमट हवेत ते पावसाळ्यातल्या दारांसारखे फुगू लागले. रॉय यांनी ते बाजूला ठेवले आणि तेवढ्याच लांबीच्या काचेच्या नळ्या मागवल्या! टोकाला टोक भिडवत, तापमानाची नोंद ठेवत त्यांनी 27,404 फुटांची, म्हणजे आठ किलोमीटरहून लांब, पायारेषा मोजली. इतक्या चिकाटीची उदाहरणं विज्ञानाच्या इतिहासात थोडी आहेत.

मग अडलं ते कोनांपाशी. जेसी रॅम्सडेन यांचा तीन फुटी थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, हाती यायला 1787 उजाडलं. त्याच वर्षी फ्रान्सहून धाकटे कासिनी, मेशँ आणि लजांद्र डोव्हरला आले. रात्री खाडीच्या काठांवर पांढरे झगझगीत दिवे पेटवून समुद्रापलीकडचे कोन मोजले गेले. गोलावरचे लहान त्रिकोण सपाट समजून सोडवण्याची लजांद्र यांची प्रसिद्ध युक्ती याच कामातली.

रेखांशांतला फरक म्हणजे वेळेतलाही फरक: पॅरिसचा सूर्य ग्रीनिचच्या 9 मिनिटं 21 सेकंद पुढे. हा आकडा फ्रान्सने कायद्यातही घातला: 1911 मध्ये देशाची प्रमाणवेळ ‘पॅरिसची वेळ, 9 मिनिटं 21 सेकंद मागे’ अशी ठरली. ग्रीनिचचं नाव न घेता ग्रीनिचची वेळ! आज मात्र पॅरिसचं घड्याळ लंडनच्या तासभर पुढे असतं, म्हणून पॅरिसहून दहाला निघालेलं विमान लंडनला सव्वादहाच्या सुमारास पोचतं.

अंतिम अहवालाची मुद्रितं तपासत असतानाच, जुलै 1790 मध्ये रॉय वारले. ब्रिटनचं नकाशा खातं, ऑर्डनन्स सर्व्हे, वर्षभरात उभं राहिलं ते त्यांच्याच कामावर. तरी विज्ञानाच्या लोकप्रिय पुस्तकांत त्यांचं नाव क्वचितच दिसतं, आणि हा अन्याय आहे. त्यांच्या पायारेषेचं वायव्य टोक दाखवणारी तोफ हीथ्रोच्या उत्तरेकडच्या रस्त्यालगत पुरलेली आहे. लंडनला उतरलात आणि हाताशी वेळ असला, तर ती जरूर पाहा.