मोटारसायकलचे गतिरोधक : नवे भाग बसविल्यानंतरचे दोष

मोटारसायकलच्या गतिज ऊर्जेचे घर्षणाने उष्णतेत रूपांतर करून तिचा वेग कमी करणारी अथवा तिला थांबविणारी यंत्रणा म्हणजे गतिरोधक किंवा ब्रेक होय. झिजलेले भाग बदलल्यावर गतिरोधक अधिक प्रभावी व्हावा, अशी अपेक्षा असते. परंतु कित्येकदा तो पूर्वीपेक्षा क्षीण झाल्याचे आढळते. अशा वेळी नव्या भागाच्या दर्जाबरोबरच, किंबहुना त्याआधी, त्याची जुळणी तपासावी लागते.

उष्णतेचा भार : वाहन व चालक यांचे एकत्रित वस्तुमान २०० किग्रॅ. धरल्यास ताशी ५४ किमी. वेगास गतिज ऊर्जा २२,५०० जूल असते. हेच वाहन १०० मी. उंची उतरले, तर सु. १,९६,००० जूल स्थितिज ऊर्जा मुक्त होते. वेग कायम ठेवावयाचा असल्यास, हवेच्या व एंजिनाच्या रोधात खर्च होणारा भाग वगळता, बाकीची ऊर्जा गतिरोधकास उष्णतेच्या रूपाने सामावून घ्यावी लागते. हा भार ताशी ५४ किमी. वेगावरून जवळजवळ नऊ वेळा थांबण्याइतका होऊ शकतो. पुण्याहून पश्चिमेस जाणारा रस्ता पिरंगुट घाट, कासार आंबोली (ता. मुळशी) व पौड यांवरून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरतो. कासार आंबोलीत कमी वेगात पुरेसा वाटलेला गतिरोधक अशा घाटाच्या उतारावर अपुरा पडू शकतो.

ड्रम गतिरोधक : यात कॅम फिरून दोन अर्धवर्तुळाकार शू बाहेर ढकलले जातात आणि त्यांवरील लायनर फिरत्या ड्रमच्या आतील पृष्ठभागावर दाबले जाते. जुन्या ड्रमची झीज व नव्या शूची वक्रता जुळत नसल्यास लायनर काही ठिकाणीच टेकते. तेवढाच भाग अतिशय तापून त्यावर काचेसारखी चकाकी येते व घर्षण घटते. शू काढून पाहिल्यास टेकलेला भाग चकचकीत व उरलेला भाग मळकट दिसतो. ड्रमचा व्यास त्यावर कोरलेल्या कमाल मर्यादेपलीकडे गेला असल्यास ड्रमच बदलणे आवश्यक असते.

कॅमची भुजा व तिला ओढणारी केबल वा दांडी यांमधील कोन गतिरोधक लागलेल्या स्थितीत सु. ९०° असावा. भुजा चुकीच्या दात्यावर बसविल्यास चालकाने लावलेल्या बलाचा बराच भाग वाया जातो. कॅमला लावलेले जादा ग्रीस लायनरवर पसरणे, हेही क्षीणतेचे कारण असते. तेलकट झालेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरण्यापेक्षा बदलणे श्रेयस्कर ठरते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टस असण्याचा संभव असल्याने त्याची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ती ओल्या फडक्याने टिपावी.

डिस्क गतिरोधक : यात मुख्य सिलिंडरमधील ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरच्या दट्ट्यावर पडून पॅड डिस्कवर दाबले जातात. नव्या डिस्कवर गंजप्रतिबंधक तेलाचा थर असू शकतो; तो ब्रेक क्लीनरने पुसून काढावा. कॅलिपरच्या सरकत्या पिना किंवा दट्ट्या अडकले असल्यास पॅड नवे असूनही डिस्कवर समान दाबले जात नाहीत.

भागांच्या मापांचा परस्परसंबंधही महत्त्वाचा असतो. मुख्य सिलिंडरचा व्यास १२ मिमी. ऐवजी १५ मिमी. केल्यास तरफ व हाताचे बल तेच असताना द्रवाचा दाब मूळच्या ६४ टक्केच राहतो. तरफ मात्र अधिक घट्ट लागते व थोडीच दाबावी लागते. म्हणून तरफेचा घट्टपणा हा गतिरोधकाच्या सामर्थ्याचा पुरावा नव्हे.

दोषाचे निदान : तरफ स्पंजासारखी मऊ लागत असल्यास नळीत हवा अडकल्याचा संशय घ्यावा. द्रव जवळजवळ असंपीड्य असतो, तर हवा सहज दबते. मुख्य सिलिंडरजवळील उंच जोडात बुडबुडे राहण्याचा संभव विशेष असतो. तरफ घट्ट असून वाहन थांबत नसल्यास पॅडवरील तेल, चकाकी, अडकलेला दट्ट्या किंवा न जुळणारा सिलिंडर यांचा शोध घ्यावा. आरंभी ठीक असलेला गतिरोधक उतारावर क्षीण होत असल्यास अतितापन हे कारण संभवते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३०° से. असावा लागतो, ठराविक प्रमाणात पाणी शोषलेल्या द्रवासाठी ही मर्यादा १५५° से. आहे. द्रव उकळून वाफ झाल्यास तरफ एकाएकी सैल पडते. ब्रेक ऑइलऐवजी खनिज तेल वापरल्यास रबरी सील फुगून निकामी होतात.

१ एप्रिल २०१८ पासून नव्या प्रकारच्या व १ एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारसायकलींना, १२५ घ. सेंमी. पेक्षा मोठे एंजिन असल्यास चाक जखडू न देणारी एबीएस यंत्रणा आणि त्याहून लहान असल्यास ती अथवा दोन्ही चाकांचा संयुक्त गतिरोधक बंधनकारक झाला. संयुक्त प्रकारात शू बदलल्यावर जोडकेबलचे समायोजन पुन्हा करावे लागते. एबीएस यंत्रणा चाक जखडणे टाळते. क्षीण गतिरोधकाचे बल ती वाढवीत नाही.

रुळवणी व चाचणी : नवे पॅड व डिस्क यांचे पृष्ठभाग परस्परांशी जुळण्यास काही अवधी लागतो. रहदारी नसलेल्या सपाट, कोरड्या रस्त्यावर मध्यम वेगावरून वेग हळूहळू कमी करण्याची क्रिया वीस-तीस वेळा करावी. दोन वेळांच्या मध्ये भाग थंड होऊ द्यावेत. या काळात गतिरोधक दाबून धरून ठेवू नये, तसेच अकस्मात थांबण्याचे प्रसंग टाळावेत. पॅड बसविल्यावर वाहन हलविण्यापूर्वी तरफ घट्ट होईपर्यंत पुनःपुन्हा दाबणे अत्यावश्यक असते, कारण मागे ढकललेला दट्ट्या पॅडपर्यंत येण्यास अनेक दाब लागतात. रुळवणीनंतरही क्षीणता कायम राहिल्यास केवळ केबल ताणून किंवा तरफ अधिक जोराने दाबून वाहन वापरीत राहणे धोक्याचे असते. अशा वेळी भाग उघडून कारण शोधावे आणि ते दूर होईपर्यंत वाहन घाटरस्त्यावर नेऊ नये.