पुनर्वसन, घरातल्या घरात

आमच्या पनवेलच्या मुलांना ‘पुनर्वसन’ हा शब्द चांगला ठाऊक आहे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, उलवे अशी गावं उठली, माणसं दुसरीकडे जाऊन वसली. पण दोस्तांनो, कधीकधी गाव तेच, घर तेच, तरी माणसाला नव्यानं वसावं लागतं!

मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा एक आजार आहे. नाव जिभेला अवघड, म्हणून सगळे एम.एस. म्हणतात. चार्जरची वायर आठवा. वरचं आवरण फाटलं की मोबाइल कधी चार्ज होतो, कधी नाही. आपल्या मज्जातंतूंवरही मायलिनचं आवरण असतं. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच चुकून त्यावर हल्ला करते आणि मेंदूचे निरोप वाटेत अडखळतात. मग पाय लटपटतात, बोटं बधिर होतात, नजर अंधूक होते. शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ साली या आजाराचं नीट वर्णन केलं. तो बहुधा विशी ते चाळिशीत गाठतो, बायकांना जास्त. एकाचा दुसऱ्याला मुळीच लागत नाही. पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. आजार पुन्हापुन्हा उसळू नये म्हणून मात्र औषधं आहेत.

एक प्रयोग करा. हातात जाड पायमोजे चढवा आणि शाळेच्या शर्टाची बटणं लावा. वैताग आला ना? आता समजा, हे मोजे काढताच येत नाहीत.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईला एम.एस. आहे. दिसायला ठणठणीत, म्हणून लोक म्हणत, “हिला काय धाड भरलीय?” या आजारातला थकवा बाहेरून दिसत नाही, हीच तर पंचाईत! त्यात आमच्याकडचा मे महिना. अंग तापलं की त्रास वाढतो, गार झालं की उतरतो. म्हणून त्या सकाळच्या गारव्यातच, खुर्चीवर बसून भाजी चिरतात. रोजचे डबे हाताशी आणलेत, न्हाणीघरात धरायला दांडा बसवलाय. फिजिओथेरपिस्टनी शिकवलेले व्यायाम त्या करतात आणि आकडे मोजतो मुलगा (पाढ्यांत कच्चा, पण इथं चुकत नाही!).

आधी घरच्यांनी प्रेमानं त्यांच्या हातातलं सगळंच काम काढून घेतलं होतं. त्या मला म्हणाल्या, “बाई, आजारापेक्षा हे रिकामं बसणं जड गेलं.” आता पोळ्या बाबा लाटतात, नकाशे होतात! घरचा हिशेब आणि मुलाचा अभ्यास आईकडे.

अशा माणसांना एकत्र आणणारी, सल्ला देणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ साली मुंबईत सुरू झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत एम.एस.ही आहे.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर हातातली वस्तू पटकन ओढून घेऊ नका. “मावशी, मी करू का?” असं आधी विचारा. “नको” म्हणाल्या, तर थांबा. बटण लागायला पाच मिनिटं लागतील. लागू देत.